‘टॉवर 1862’ लिहिलंय? आधी व्हर्नियर लावा!

नमस्कार मंडळी. गेल्या महिनाभरात ह्याच विषयावर इतक्या कमेंट आल्यात की आता टाळता येत नाही. ‘काका, जुन्या बाजारात बंदुकीची लॉक प्लेट मिळाली, ओरिजिनल आहे का?’ आणि सोबत फोटो. फोटोत प्लेट सोडून सगळं दिसतं. हात, चटई, एकदा तर मागे झोपलेलं मांजर.

कायद्याचं एकदाच सांगतो. इथं मी फक्त जुन्या, निकामी, सुट्या भागांबद्दल बोलतोय. 1959च्या शस्त्र कायद्यात चालूच होऊ शकणार नाही अशा जुनाट शस्त्रांना सूट आहे. ती सूट भाग गोळा करून घरी आख्खी बंदूक जोडायला नाही. आणि 100 वर्षांवरची वस्तू परदेशातल्या मित्राला पाठवायची टूम काढू नका, त्याला 1972चा पुरावस्तूंचा वेगळा कायदा आहे. झालं.

आता मूळ गोष्टी पटापट. बंदुकीच्या कडेला जी लोखंडी पट्टी असते, जिच्यावर घोडा बसतो, ती लॉक प्लेट. गारेची बंदूक असेल तर घोड्याच्या तोंडात चकमक, टोपीची (बार उडवणारी छोटी धातूची टोपी लावायची) असेल तर घोडा पोकळ तोंडाचा, खाली निपलवर, म्हणजे ती टोपी बसते त्या नळीवर, आपटणारा. हे तुम्हाला माहीत असतंच. तरी गेल्या वर्षी एक जण मला टोपीचा घोडा दाखवून म्हणाला, ‘खडकीच्या लढाईतला आहे.’ अहो, खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817ची. ब्रिटिश फौज टोपीवर आली ती 1840च्या आसपास. बापू गोखल्यांच्या समोर उभ्या असलेल्या पलटणीकडं हा घोडा यायचा कुठून? पण विकणाऱ्यानं सांगितलं ना, मग झालं!

आणि ते लोहचुंबक! कृपा करून थांबवा. दर व्हिडिओखाली कोणीतरी लिहितोच, ‘चुंबक लावून बघा, चिकटलं तर खरं.’ खरी प्लेट लोखंडाची, खोटी प्लेटही लोखंडाचीच. दोन्ही चिकटणार. माझ्या फ्रिजचं दारही चिकटतं, म्हणून ते एनफिल्ड बंदुकीचं होत नाही.

बरं, आता मुद्दा. मी 31 वर्षं टूलरूममध्ये काढली, भोसरीत. त्यामुळं माझा विश्वास डोळ्यावर कमी आणि व्हर्नियरवर, म्हणजे मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या जबड्यांच्या मापपट्टीवर, जास्त. तरी मी फसलो, ते सांगतो.

पुण्याचा जुना बाजार, मंगळवार पेठ, रविवार सकाळ. एका पथारीवर ही प्लेट. (प्लेट कॅमेऱ्यासमोर धरतो.) बघा, घोड्याच्या मागं मुकुट, खाली व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, पुढं 1862 आणि टॉवर, म्हणजे लंडनच्या टॉवरच्या नावाचा शिक्का. 1853च्या नमुन्याची एनफिल्ड, म्हणजे 1857च्या काडतुसांवरून रान पेटलं ती बंदूक. साडेतीन हजार म्हणाला, अडीचला दिली. मी तिथंच लांबी मोजली, बरोबर आली. खूश होऊन घरी आलो, वाटेत मिसळ खाल्ली.

घरी आल्यावर एका संग्राहक मित्राकडची खात्रीची प्लेट शेजारी ठेवली. लांबी जवळजवळ सारखी. पण ही दोन भोकं आहेत ना, समोरच्या बाजूनं लाकडातून आरपार येणारे स्क्रू ज्यांत आवळले जातात ती, त्यांच्यातलं अंतर दीड मिलिमीटरहून थोडं अधिकच आखूड! बाहेरून बरोबर आणि आतून आखूड. कारण बाहेरच्या कडेला ओतकामाची फ्लॅश, म्हणजे साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेला जादा धातू, तशीच होती, कानस मारायचा कंटाळा. त्या फ्लॅशनं लांबी भरून काढली होती.

हे का होतं? स्वस्तातली नक्कल करणारा काय करतो, खरी प्लेट घेतो, तिचाच साचा काढतो आणि ओततो. धातू गार होताना आकसतो. पोलाद साधारण 2 टक्के, पितळ दीडच्या आसपास. आपल्याकडच्या फाउंड्रीतला कुठलाही पॅटर्नवाला सांगेल, पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढतात तो नमुना, करतानाच तेवढी वाढ धरायची असते. हा बाबा खऱ्या भागालाच पॅटर्न करतो, वाढ कुठून धरणार? म्हणून 80 मिलिमीटरचं अंतर 78.4 होतं. मेहनती नक्कलकार वाढ धरून करतात, त्यांना पकडणं अवघड. पण जुन्या बाजारात मेहनत करून कोण नक्कल विकतो?

अजून नाही पटलं? दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे आठवा. कुंभारवाड्यातून आणलेला एक चांगला मावळा घ्या, त्याच्यावरून घरी साचा काढून दुसरा करा, दुसऱ्यावरून तिसरा. माती वाळताना आकसते. तिसरा मावळा बुटका होतो, नाक जातं, ढाल आणि पोट एकच होतं. प्लेटवरच्या मुकुटाचंही तेच. म्हणून खोट्या मुकुटातले मणी एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. ठसा मारलेला असेल तर धातू बाजूला सरकतो, कडेला नखाला बारीक कंगोरा लागतो. ओतीव अक्षराला लागत नाही. डोळे मिटा आणि नख फिरवा. (फिरवतो.) हे ओतीव. हे घडीव.

आता मोजायची पद्धत, कारण इथंच सगळे गडबड करतात. भोकाच्या एकाच कडेवरून माप घेऊ नका. भोक झिजतं, कोणी नंतर मोठं करतं. व्हर्नियरचे वरचे जबडे दोन्ही भोकांत घालून बाहेरच्या कडा मोजा. मग खालच्या जबड्यांनी दोन भोकांमधला पट्टा धरून आतल्या कडा मोजा. दोघांची बेरीज करून दोननं भागा. ते मध्यापासून मध्याचं अंतर. भोकं लहानमोठी असली तरी उत्तर तेच येतं, कारण एकीकडं जेवढं वाढतं तेवढंच दुसरीकडं कमी होतं. प्लेटवर संशय घ्यायचा का, हे हा एकच आकडा मला सगळ्यात आधी सांगतो. कडा घासता येते, रंग आणता येतो, गंज तर दोन दिवसांत आणता येतो. दोन भोकं एकमेकांपासून लांब ढकलता येत नाहीत.

एक हुशार प्रेक्षक आहेत, त्यांनी विचारलंय, ‘काका, जुन्या बंदुका हातानं बनायच्या, प्रत्येकीचं माप वेगळं. मग?’ एकदम बरोबर, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं. एनफिल्डच्या कारखान्यात अमेरिकी यंत्रं बसली 1850च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेव्हापासून तिथले भाग एकमेकांना बसायला लागले. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कंत्राटदारांचं बरंचसं काम हातचंच राहिलं, आणि ‘टॉवर’ बहुतेक अशाच बंदुकांवर असतं. मग मी माझी प्लेट फेटाळली कशी? दीड मिलिमीटर कमी आला तेव्हा मी नुसता संशय घेतला. खात्री झाली ती आट्यांनी.

भोकातले आटे बघा. माझ्या प्लेटला पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पानं, लावला आणि 0.8 मिलिमीटरचं पान चपखल बसलं. म्हणजे आपला नेहमीचा एम 5, पाच मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू! कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला. विलायती कारखान्यात 1862 साली मिलिमीटर? तिथं सगळा कारभार इंचांचा. मात्र उलटं करू नका. नुसता स्क्रू मेट्रिक निघाला म्हणून प्लेट खोटी होत नाही, जुना हरवला की लोक मिळेल तो बसवतात. आटे प्लेटच्या भोकातले बघायचे. आणि हातकामाच्या प्लेटला आतल्या बाजूनं बघा, कानशीच्या बारीक रेघा आणि जुळणीच्या खुणा, एकाच बंदुकीच्या भागांवर सारख्याच मारलेल्या बारीक खाचा. ग्राइंडरच्या गोल कमानी दिसल्या तर चहा पिऊन घरी जा.

गंजाबद्दल एकच. खरा जुना गंज काळपट तपकिरी, आणि त्याचे खड्डे अक्षरांतूनही आरपार जातात. खड्ड्यांवरून अक्षर स्वच्छ मारलेलं दिसलं तर अक्षर नंतरचं आहे.

चांगली खरी हत्यारं बघून डोळा तयार करायचा असेल तर पुण्यात बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. लोक तिथं दिवे आणि अडकित्ते बघून बाहेर पडतात, शस्त्रांपाशी थांबतच नाहीत.

तर, पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा प्लेटशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, आतली बाजू दाखवा, भोकांचे दोन्ही आकडे लिहा. आकडे नसतील तर मी उत्तर देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मांजराचा फोटो वेगळा पाठवलात तर मात्र बघेन.