टाळ, माउली आणि भादलीचे रूळ

रविवारची सकाळ. नवापूरकडचं हे छोटं चर्च. दारात चपलांची रांग. आत सतरंजी, पेटी, ढोलकी आणि टाळांचे दोन जोड. आजींच्या मांडीवर ‘उपासनासंगीत’ हे ख्रिस्ती भक्तिगीतांचं पुस्तक आहे. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे झिजून गोल झालेले. आजी घरी मावची ही आदिवासी बोली बोलतात. इथे मात्र मराठीत गातात. पद आहे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं.

टाळाकडे कान द्या. सहा अक्षरं, सहा, पुन्हा सहा, मग चार. हा तुकोबांचा ‘मोठा अभंग’ छंद. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी स्तोत्रांच्या भाषांतरांचा भरणा असे, तोही परक्या चालींवर. टिळकांनी मंडळीच्या हाती आपला टाळ दिला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःच सांगत. ख्रिस्ताला त्यांनी गुरुमाउली म्हटलं. वारकरी विठ्ठलाला जशी हाक मारतो, तशीच ही हाक.

टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा, ब्राह्मण घरातला. संस्कृतचा व्यासंग. देव शोधण्याची तळमळ मात्र जिवाला स्वस्थ बसू देईना. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलचा ‘नवा करार’ दिला. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परतल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं टिळकांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं ते त्यांनीच.

शाळेच्या पुस्तकानं टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून एका कोपऱ्यात बसवलं. हे आम्हाला पटत नाही. घायाळ पाखरासाठी कळवळणारा कवी आणि ख्रिस्ताला आई म्हणणारा भक्त, हा एकच माणूस आहे.

आता खान्देशातलंच जळगाव. १९०७मध्ये इथे कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकर. टिळकही आले होते. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म इथून जवळच्याच धरणगावचा. कीर्तिकरांनी त्याला नाव दिलं, बालकवी. पुढे नगरला टिळकांच्या घरात तो घरचाच झाला. धर्म ज्याचा त्याच्यापाशी राहिला, कविता आणि ताट दोघांचं एक. खान्देशच्या या पोरावर एका पाद्र्यानं लेकरासारखी माया केली, हे इथल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

भादली स्टेशन. पिवळी पाटी, पलीकडे केळीच्या बागा, आणि हे रूळ. ५ मे १९१८. बालकवी इथे रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. वर्षभरानं, ९ मे १९१९ला, मुंबईत टिळक गेले.

नवापूरकडे पद अजून चालू आहे. शेवटच्या चरणाशी आजी पुस्तक मिटतात. पुढचं त्यांना पाठ आहे.