डब्यावर बॅटमॅन, स्टेजवर जोकर

(एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेलं हे भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामी आहे, पुढे बसलं म्हणून मी कुणाला उत्तरं विचारणार नाही. आयोजकांनी पत्रिकेत छापलंय 'डार्क सुपरहिरो सिनेमे आणि आपली मुलं' आणि त्याच्याच खाली 'सर्वांना मुक्त प्रवेश', त्यामुळे तिसऱ्या रांगेत एक छोटे साहेब वेफर्स खात बसलेत, त्यांना वेगळा नमस्कार. (हशा) आता ते आहेत म्हटल्यावर मलाच जरा जपून बोलायला लागणार.

डार्क म्हटलं की आमच्या पिढीला पहिला आठवतो शक्तिमान मालिकेतला खलनायक किल्विष. 'अंधेरा कायम रहे!' बघा, अर्धा हॉल माझ्याबरोबर बोलला. १९९७ ला दूरदर्शनवर शक्तिमान सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत पेपरात बातम्या यायला लागल्या की मुलं गच्चीवरून उड्या मारतायत, शक्तिमान येऊन झेलेल म्हणून. त्यातल्या किती खऱ्या किती वाढवलेल्या यावर तेव्हाही भांडणं झाली. पण त्या मालिकेने एक गोष्ट केली जी मला अजून आवडते, एपिसोड संपला की तोच माणूस कॅमेऱ्यात बघून मुलांशी बोलायचा, असं करू नका, मला काय जमतं ते तुम्हाला जमणार नाही. छोटी छोटी मगर मोटी बातें. आम्ही तेव्हा हसायचो, सरळ उठून खेळायला जायचो, पण मालिका कुणासाठी आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक होतं आणि तो ते लपवत नव्हता.

माझं आजचं म्हणणं तिथूनच सुरू होतं. डार्क सिनेमे बनवू नका असं मी म्हणत नाही, उलट जरूर बनवा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढून बसलेला असतो. माझी तक्रार अशी आहे की बॅटमॅनच्या छातीवरचं वटवाघूळ तेच ठेवून एक गोष्ट चाळिशीच्या माणसाला विकायची आणि तेच वटवाघूळ चार वर्षांच्या पोराच्या डब्यावर, दप्तरावर, पिचकारीवर, आता तर राखीवरसुद्धा छापायचं, आणि मग त्या पोराने 'मला हा सिनेमा बघायचाय' म्हटलं की आईबापांनी काय ते बघून घ्यावं. हा मुद्दा मी सविस्तर मांडणार आहे. त्याआधी एक किस्सा. आयोजक हसतायत कारण त्यांनी तो आधी ऐकलाय.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत फॅन्सी ड्रेसला मला परीक्षक केलं. कारण काय, तर 'तुम्ही सिनेमाचं बघता ना'. परीक्षक म्हणजे ज्याला नंतर वर्षभर लिफ्टमध्ये कुणी ओळख देत नाही तो. तर एकेक मूल येतंय, दोन शिवाजी महाराज, एक झाशीची राणी, एक टोमॅटो, तो टोमॅटो सुंदर होता, त्याला फक्त 'मी टोमॅटो' एवढंच म्हणायचं होतं आणि तो 'मी बटाटा' म्हणाला. (हशा) आणि मग माईकवर नाव पुकारलं आणि आला जोकर, बॅटमॅनच्या सिनेमातला खलनायक. वय साडेचार. चेहऱ्याला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळ फासलेलं, लिपस्टिक कानापर्यंत ओढलेली, केसांना होळीतला उरलेला हिरवा रंग. बाप बाजूला मोबाईल धरून उभा. पोराने जीभ ओठांवरून फिरवली, तेही शिकवलं होतं, आणि सिनेमातला जोकरचा डायलॉग म्हणाला, 'व्हाय सो सीरियस'. तरुण मंडळींनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, 'विदूषक का गं? मग हसवत का नाहीये?' मला तर वाटतं त्या संध्याकाळचं सर्वात नेमकं परीक्षण ते होतं, पण ते असो. तर पोरगं टाळ्या घेऊन विंगेत गेलं, विंग म्हणजे क्लबहाऊसचा जिम, तिथे भिंतभर आरसा. आणि आतून जो भोंगा सुरू झाला! त्याने स्वतःला आरशात पूर्ण असं तेव्हा पहिल्यांदा बघितलं होतं. स्वतःलाच घाबरला. आई 'अरे तूच आहेस तो, सोनू, तूच आहेस' म्हणतेय आणि तो आणखी जोरात रडतोय. नंतरच्या आरतीला टाळांपेक्षा त्याचाच आवाज मोठा होता.

बक्षीस टोमॅटोला दिलं. रात्री जोकरचे वडील गाठून म्हणाले, 'सर, कन्सेप्ट कळला नाही का तुम्हाला?' मी म्हटलं, अहो, मुलाने तो सिनेमा बघितलाय का? म्हणे, 'पूर्ण नाही, क्लिप्स दाखवल्या, कार्टूनमधलंच कॅरेक्टर आहे ना शेवटी.' मग ग्रुपवर चर्चा झाली, परीक्षकांचा सिनेमाचा अभ्यास कच्चा आहे अशीही एक पोस्ट पडली आणि तिला अठ्ठावीस अंगठे मिळाले, मी मोजले, कारण माणूस मोजतोच.

हा किस्सा मी उगाच लांबवत नाहीये, म्हणजे थोडा लांबवतोय. पण बघा, 'तूच आहेस तो' हे वाक्य त्या पोराच्या उपयोगाचं का नव्हतं? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोन कॅन्टर म्हणून एक संशोधक होत्या, मुलं पडद्यावरचं बघून कशाला घाबरतात यावर त्यांनी आयुष्य घातलं. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की अजून शाळेत जायच्या वयाची न झालेली मुलं टीव्हीवरच्या इनक्रेडिबल हल्क मालिकेला फार घाबरतात, आणि पालकांना कळेना की का, हल्क तर चांगला माणूस आहे, वाईटांना बडवतो! पण साधा माणूस हिरवा राक्षस व्हायला लागला की लहान मुलाच्या दृष्टीने विषय संपला. लहान वयात मूल दिसण्यावर जातं, चांगला वाईट हे नंतर. मोठं होत गेलं की उलट, हिरव्या राक्षसाची भीती जाते आणि 'हे खरंच घडू शकतं' याची भीती येते, घरात चोर शिरणं, आई मरणं, बॉम्ब. म्हणजे चार वर्षांच्याला जोकरचा चेहरा पुरेसा आहे आणि अकरा वर्षांच्याला त्या चेहऱ्याची काही पडलेली नसते, पण दोन बोटींवर बॉम्ब ठेवून 'तुम्ही त्यांना उडवा नाहीतर ते तुम्हाला' हे जे द डार्क नाईट या बॅटमॅनच्या सिनेमात आहे ते घेऊन तो रात्री छताकडे बघत पडतो.

आता सेन्सॉरवाले काय मोजतात? रक्त. द डार्क नाईट २००८ ला आला, ब्रिटनमध्ये त्याला १२ए मिळालं, म्हणजे बरोबर मोठा माणूस असेल तर बाराच्या आतलं मूलही बसू शकतं. तिथल्या बोर्डाकडे त्या वर्षी सर्वात जास्त तक्रारी याच सिनेमाच्या गेल्या. बोर्डाचं म्हणणं, रक्त फारसं नाही, जखमा जवळून दाखवलेल्या नाहीत. आणि ते खरंही आहे! पेन्सिलचा सीन आठवा, जोकर एका माणसाचं डोकं टेबलावर उभ्या पेन्सिलवर आपटतो, पण काही म्हणजे काही दिसत नाही, पेन्सिल होती आणि मग नाही. (त्या छोट्या साहेबांचे कान धरा कुणीतरी.) म्हणजे नियम पाळला गेला आणि भीती आत शिरली, दोन्ही एकदमच. २०२२ च्या द बॅटमॅनला मग त्यांनी सरळ १५ दिलं, म्हणजे पंधराच्या आत प्रवेशच नाही.

आणि आपल्याकडचं तर विचारूच नका. २०२५ चा सुपरमॅन, इमारती कोसळतायत, माणसं गाडली जातायत, त्याला यूए १३+, म्हणजे तेराच्या आतल्यांचं पालकांनी ठरवायचं, ठीक आहे. पण कापलं काय? चुंबन. तेहेतीस सेकंदांचं. तेरा वर्षांच्या पोराने शहर मोडताना बघितलं तर चालतं, हिरोने हिरोइनला प्रेमाने जवळ घेतलं की संस्कार धोक्यात. (टाळ्या) टाळ्या नको, वेळ जातो.

वेळ जातो म्हणतोय आणि माझा सर्वात लाडका किस्सा अजून बाकी आहे, तो मी सांगणारच. साल १९९२. टिम बर्टनचा बॅटमॅन रिटर्न्स. सिनेमा उघडतो तोच असा की श्रीमंत आईबाप नाताळच्या रात्री आपलं विद्रूप बाळ बाबागाडीसकट पाण्यात ढकलून देतात. ते बाळ म्हणजे पेंग्विन, गटारात वाढतो, तोंडातून काळा द्रव गळतो, एका माणसाचं नाक चावतो, आणि त्याचा बेत काय तर शहरातली पहिली जन्मलेली मुलं पळवून बुडवायची. मला हा सिनेमा प्रचंड आवडतो, सांगून ठेवतो. आणि याची खेळणी कुठे मिळत होती? मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मीलमध्ये! बर्गरबरोबर. आईबाप पोरांना घेऊन थिएटरात गेले आणि हादरून बाहेर आले, पत्रं गेली, पेपरांत आलं. मॅकडोनाल्ड्सने सांगितलं काय, की आमची खेळणी मुलांना बॅटमॅन या पात्राची मजा मिळावी म्हणून आहेत, सिनेमा बघायला या असं आम्ही म्हटलेलंच नाही. हे उत्तर मला फ्रेम करून लावावंसं वाटतं. खेळण्याचं सिनेमाशी नातं आहे पण नाही, लग्नात आलेल्या त्या लांबच्या मामांसारखं, फोटोत आहेत पण कुणाकडचे ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि शिक्षा कुणाला झाली? खेळणी विकणाऱ्याला नाही, सिनेमाला. पुढचा भाग बर्टनने दिग्दर्शित केला नाही, जोएल शूमाकर आला, १९९५ ला बॅटमॅन फॉरएव्हर, निऑन, विनोद, आणि १९९७ चा बॅटमॅन अँड रॉबिन तर खेळण्यांच्या दुकानाचा कॅटलॉगच, तो आपटला, आणि मग २००५ मध्ये दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने सगळं पुन्हा काळं केलं, आणि डबे? डबे छापणं एक दिवसही थांबलं नाही.

(चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं.)

मग भराभर. 'मुलांना बिघडवतात' ही ओरड जुनी आहे. १९५४ ला न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्सविरुद्ध पुस्तक लिहिलं, अमेरिकन सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःच कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, आणला, तो २०११ पर्यंत रखडत चालला. पुढे कॅरल टिली या अभ्यासकांनी वर्थमचे कागद तपासले तर त्यांनी मुलांच्या बोलण्यात फेरफार केलेले निघाले. आता गंमत अशी की माणूस खलनायक नव्हता, हार्लेमच्या गरीब वस्तीत स्वस्त दवाखाना चालवायचा, पण आपलंच खरं करायची घाई झाली की असं होतं. म्हणून मला 'जोकर बघून पोरगं गुन्हेगार होईल' वगैरे बोलायचं नाही, मी तेवढा वर्थम नाही. माझा प्रश्न बिघडण्याचा नाहीच, रात्रीच्या झोपेचा आहे.

दुसरं. 'आपल्या महाभारतात काय कमी रक्त आहे, दुःशासनाची छाती फोडली की' असं कुणीतरी प्रश्नोत्तरांत म्हणणारच, तर आधीच सांगतो. आजी ते सांगायची तेव्हा पोराचा चेहरा बघत सांगायची, घाबरलं तर तिथेच थांबून भीमाच्या लाडवांकडे वळायची. थिएटरातला आवाज कुणाचा चेहरा बघत नाही.

आता ज्यासाठी बोलावलंत ते. दाखवावं का? सातच्या आत, नको, कितीही चांगला हिरो असला तरी, आणि 'तो खरा नाही रे' हे समजावणं त्या वयात चालत नाही, टीव्ही बंद करून मांडीवर घेणं चालतं. आठ ते बारा, सिनेमा आधी स्वतः बघा, अख्खा, ट्रेलर नव्हे, आणि रक्त किती ते बघू नका, धोक्यात कोण आहे ते बघा, कुटुंब, मूल, शाळा असेल तर थांबा. तेराच्या पुढे बघू दे, तुम्ही नाही म्हणालात तर मित्राकडे बघणारच आहे, त्यापेक्षा बरोबर बसा आणि मध्ये मध्ये समजावू नका, फार राग येतो त्यांना. २०२४ पासून आपल्याकडे यूएचे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, चांगलं झालं, पण ते पालकांना सल्ला म्हणून आहेत, दारावरचा माणूस तुम्हाला अडवणार नाही, अडवायचं ते फक्त 'ए' ला, म्हणजे प्रौढांसाठीच्या सिनेमाला. २०१९ च्या जोकरला आपल्याकडे 'ए' होतं. ते सोनूचे बाबा ज्याच्या क्लिप्स दाखवत होते तो कुठला हे मी विचारलं नाही.

आणि निर्मात्यांना सांगणं एवढंच, मोठ्यांचा सिनेमा मोठ्यांसाठी काढलात ना, मग त्या सिनेमातला चेहरा बालवाडीच्या दप्तरावर टाकू नका, कार्टूनमधला गुबगुबीत बॅटमॅन आहे की त्यासाठी. तसं केलंत तर दिग्दर्शकाला सिनेमा हवा तेवढा काळा करू दे, मी तक्रार करणार नाही, आणि ते चुंबनही परत जोडा.

अजून एक पान आहे माझ्याकडे, वॉचमेन या कॉमिकचं आणि १९८६ चं, ते राहिलं. माईक प्रश्नांसाठी फिरवा, आधी त्या वेफर्सवाल्या साहेबांकडे द्या, ते मघापासून हात वर करतायत.