रातथारा

मित्रहो, अमेरिकेच्या पूर्व भागात, व्हर्जिनियासारख्या राज्यांतील कित्येक गावांत, थंडी पडू लागली की टर्की गिधाडे आणि काळी गिधाडे शेकड्यांनी एकत्र येतात आणि भर वस्तीतल्या उंच झाडांवर, पाण्याच्या टाक्यांवर व मोबाइलच्या टॉवरांवर रात्र काढतात. अशा जागेला रातथारा म्हणतात. आपल्या गिधाडांचे कूळ वेगळे, पण मेलेले जनावर फस्त करण्याचे काम तेच.

वस्तीत वारा अडतो, ऊब राहते आणि उंचावरून झेप घेणे सोपे जाते. टर्की गिधाड रात्री अंगाचे तापमान काही अंशांनी उतरवते, म्हणून सकाळी ते पंख पसरून उन्हात बसून राहते आणि जमीन तापून हवा वर चढू लागली की मगच उडते. त्याला वासावरून मढे सापडते. काळ्या गिधाडाचे नाक तितके तिखट नाही, त्यामुळे ते इतरांवर नजर ठेवते, आणि काल उपाशी राहिलेले पक्षी सकाळी पोट भरलेल्यांच्या मागे निघतात.

तिथल्या रहिवाशांना त्रास होतो, हे मान्य केले पाहिजे. विष्ठेची दुर्गंधी येते, मोटारींच्या काचेवरील रबर ओरबाडले जाते. १९७२पासून या पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने परवान्याशिवाय मारता येत नाही; मग मेलेल्या गिधाडाची प्रतिकृती झाडाला उलटी टांगतात. थवा काही दिवसांत उठतो, पण बहुधा शेजारच्या आळीत जाऊन बसतो.

हे लिहिताना मला आमच्या गावची नदीकाठची चिंच आठवते. तिच्याखालची जमीन चुना सांडल्यासारखी पांढरी असे, वास येई, तरी ते झाड तोडा असे कोणी म्हटले नाही, कारण सकाळी गावाबाहेर ओढून टाकलेल्या बैलाची संध्याकाळपर्यंत हाडेच उरत. पांढऱ्या पाठीची ती गिधाडे माणसांच्या शेजारीच राहत. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली, आणि देशभरात त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना टोचलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४मध्ये सिद्ध झाले आणि २००६मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी ते बंद केले. तरी माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात पोहोचतच राहिले, म्हणून २०१५मध्ये बाटली ३ मिलीपुरती करावी लागली. पुढे २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या गिधाडांना तशाच घातक वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मढी मात्र पडतच राहिली, आणि त्यांवर आता भटक्या कुत्र्यांची झुंड असते.

म्हणून माझे शेतकऱ्यांना कळकळीचे सांगणे आहे, की म्हातारा बैल लंगडू लागला आणि डॉक्टर सुई भरू लागले, तर औषधाचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे, आणि जनावराची वेदनाही त्याने कमी होते.