वारा येण्याआधी आळं मोकळं

[गच्चीवरून. कोथरूडच्या इमारती, गुलमोहराचे शेंडे, लांबवर सिंहगड.]

चक्रीवादळ म्हटलं की पुणेकर कोकणाकडे बघतो. आपल्याला सह्याद्रीची आड आहे, असं घरोघरी ऐकायला मिळतं. पण श्रीवर्धनचा किनारा इथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. ३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, घाट चढलं आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेलं. शहरात झाडं पडली, तारा तुटल्या, गाड्या चेपल्या.

[सोसायटीचं फाटक. चेअरमन काकू मोबाइलवर हवामानाचा नकाशा दाखवतात.]

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागलं की हवामान खातं साधारण ७२ तास आधी पहिली सूचना देतं, मग ४८ तास आधी, मग २४. या चार मजली सोसायटीनं पहिल्या सूचनेचीही वाट पाहिली नाही.

[पहार. पेव्हिंग ब्लॉक निघतो. खाली कोरडी, दगडासारखी माती. आवाज तसाच ठेवावा.]

कामाची सुरुवात इथून झाली, गुलमोहराच्या बुडापासून. पार्किंगमध्ये चिखल नको म्हणून कधीतरी ब्लॉक बसवले, आणि बुंध्याभोवती सिमेंट ओतून टाकलं. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत जा, हेच दिसेल. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत आडवी पसरतात. त्यांना हवा आणि पाणी मिळालं नाही की ती कुजतात. त्यात कुणी ड्रेनेजचा चर खणतं, कुणी केबलचा, आणि एका बाजूची मुळं छाटली जातात. वर हिरवागार पसारा दिसत राहतो, खाली धरून ठेवणारं थोडंच उरतं. पावसानं माती भिजून सैल झाली आणि त्याच वेळी वारा सुटला की अख्खं झाड बुडासकट आडवं होतं. मग आपण म्हणतो, झाड धोकादायक होतं.

[माळीकाका काठीनं अंतर मोजतात.]

बुंध्यापासून चहूबाजूंनी किमान एक मीटर आळं मोकळं हवं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एवढ्याच अंतरापर्यंत काढायला सांगितलं होतं. ब्रेकर लावला तर मुळं फाटतील, म्हणून माळीकाका पहारीनं ब्लॉक उचलतात आणि बाकीची माती हातानं सैल करतात. तीन दिवसांत नवी मुळं फुटणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. यंदाच्या वाऱ्यासाठी काम वर आहे, फांद्यांमध्ये.

[शिडी, दोर, करवत. फांदी दोरानं हळूहळू खाली येते.]

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, रेन ट्रीच्या फांद्या लांब आणि जड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी उतरवायच्या. त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. सोसायटीनं ती एप्रिलमध्येच मागितली होती. शेंडा उडवायचा नाही. आणि एकाच बाजूनं छाटायचं नाही. इमारतीकडच्या फांद्या तोडायच्या, रस्त्याकडच्या ठेवायच्या, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. सगळा भार रस्त्यावर झुकतो, आणि पडताना ते झाड तिकडेच पडतं.

[गच्ची. पत्र्याची शेड. फॅब्रिकेटर नटबोल्ट आवळतो.]

गच्चीवर उडू शकेल ते सगळं शोधायचं. पत्र्याच्या शेडचे जे-हुक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे आकडे, गंजलेत, ते बदलले जातायत. वाऱ्यात सुटलेला पत्रा समोरच्या घराची खिडकी गाठतो. कुंड्या कठड्यावरून खाली. प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या. रिकामी टाकी हलते, भरलेली जागची सुटत नाही. शिवाय वीज गेली की पंपही बंद, मग तेच पाणी पुरवायचं. गच्चीतल्या पाइपच्या तोंडाशी केवढा पाला अडकलाय, बघा. तो काढला नाही तर पाणी तुंबतं आणि वरच्या मजल्याच्या छतातून उतरतं.

[घरात. आजी सरकत्या खिडकीची पट्टी जुन्या टूथब्रशनं साफ करतात.]

पट्टीतली ही बारीक भोकं मोकळी असली की आत आलेलं पाणी बाहेर जातं. काचेवर चिकटपट्टीची फुली मारू नका. तिनं काच फुटायची थांबत नाही, उलट तुकडे मोठे होतात. पडदे ओढून घ्या आणि काचेपासून लांब बसा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवायची, खालच्या खड्ड्यात पाणी साचतं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट हवं.

[पार्किंग. गाड्या एकेक करून बाहेर निघतात.]

आता गाड्या. झाडाखाली एकही नको, होर्डिंगजवळ नको, सीमाभिंतीला चिकटून तर नकोच. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सीमाभिंत कोसळून १५ जण गेले. दुचाकी इमारतीच्या आडोशाला, गिअरमध्ये टाकून, कव्हर काढून. कव्हरमध्ये वारा भरला की गाडी आडवी होते. टाकीत पेट्रोल असू द्या, वीज नसली की पंपावरही मिळेलच असं नाही. बेसमेंटमधल्या गाड्या उंचावरच्या रस्त्यावर न्यायच्या. एवढं करूनही गाडीत पाणी शिरलंच, तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर इंजिन तिथेच मोडतं. टो करून न्या.

[तरुण मुलगी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढते.]

फोटो विम्यासाठी. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा असेल, तर झाड पडून गाडी चेपली तरी भरपाई मिळत नाही.

[पहाट. पाऊस. झाडं हलतायत. इथे निवेदन नाही.]

ते वादळ किनाऱ्यापासून दूरच राहिलं. रात्रभर जोरदार वारा सुटला, दोन फांद्या मोडल्या, गाड्या सुरक्षित राहिल्या.

[फाटकाबाहेर, फुटपाथवरचा रेन ट्री. बुंध्यापर्यंत काँक्रीट.]

हा रेन ट्री सोसायटीचा नाही, फुटपाथवरचा आहे, म्हणून त्याला पहार लावता येत नाही. त्याच्या फांद्यांखालून रोज शाळेच्या रिक्षा जातात. बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढावं, असा अर्ज काकूंनी महापालिकेकडे केलाय. अर्जाखाली गल्लीतल्या इतर पाच सोसायट्यांच्या सह्या आहेत.