मधपेटीचा स्टँड: वरचा सांगाडा राहू द्या, आधी पाय बघा

नमस्कार मंडळी! २० मेला जागतिक मधमाशी दिन झाला, की दरवर्षी माझ्याकडे एकाच प्रश्नाची रांग लागते. "ताई, पेटी घेतली, आता स्टँड कसला करू?" लाकडी का लोखंडी, एका पेटीचा का चार पेट्यांचा, सगळं विचारून होतं. आणि हे विचारेपर्यंत पाऊस दाराशी आलेला असतो. म्हणून आज स्टँडवरच बोलते.

सोपं ते पटकन सांगून टाकते. उंची दीड फुटाच्या आसपास. म्हणजे बेडूक दारापर्यंत पोचत नाही, गवताची ओल तळपाटाला, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीला, लागत नाही आणि तुम्हाला कंबरेत मोडावं लागत नाही. त्याहून फार उंच केलात, तर भरलेली मधकोठी, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा कप्पा, उतरवताना हाल होतात. तळपाट पूर्ण टेकेल एवढी वरची चौकट. लाकूड वापरलंत तर पाय थेट मातीत गाडू नका, वाळवी येते. लोखंड असेल तर रंग द्या. झालं.

आता मुद्द्यावर येते. मला जे फोटो येतात ना, त्यांत स्टँडचा वरचा भाग झकास असतो. छान वेल्डिंग, पिवळा रंग, एकाने तर पेटीचा नंबरसुद्धा रंगवून घेतला होता. आणि पाय? चार अँगलची कापलेली टोकं, सरळ मातीत. प्रत्येक वेळी माझा जीव तळमळतो. कारण स्टँड मोडत नाही हो, स्टँड खचतो!

हिशेब करून बघा. मेलिफेराची, म्हणजे परदेशी जातीच्या मधमाशीची पेटी, खाली पिलांची कोठी, वर एक भरलेली मधकोठी, साधारण ६० किलो धरा. स्टँडला २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा अँगल. त्याच्या एका टोकाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. चारही पाय मिळून साडेपाच-सहा. म्हणजे मातीच्या एका चौरस सेंटिमीटरवर दहा किलोच्या वर भार. ओल्या मातीत तो पाय सुरीसारखा आत जाणार. आता त्याच पायाखाली १० बाय १० सेंटिमीटरची लोखंडी प्लेट वेल्डरकडून लावून घ्या. भार तोच, पण एका चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम. वेल्डरला हे काम किती वेळाचं आहे?

"पण ताई, आमच्याकडे पाऊसच कमी." ही कॉमेंट ठरलेली. जालना-बुलडाणा पट्ट्यातल्या कांदा बियाण्याच्या प्लॉटवर माझ्या एका मित्राच्या पेट्या असतात. फुलोरा ऐन कोरड्या दिवसांत, आभाळात ढग नाही. पण पिकाला पाणी द्यावंच लागतं. रात्री पाणी सोडलं, काळी माती फुगली, एका बाजूचे दोन पाय आत गेले. सकाळी पेटी शेजारच्या पेटीवर रेललेली, माश्या चवताळलेल्या आणि मजूर बांधावर उभे, कुणी पुढे यायला तयार नाही. काळ्या मातीत वीतभर खोल माती काढा, मुरूम भरा, धुम्मसाने चोपा आणि त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा. कोकणात असाल तर जांभ्याचा चिरा आहेच. भाजलेल्या विटांचे तुकडे एकावर एक रचू नका, ते हलतात.

आता हीच गोष्ट मुंग्यांच्या बाजूने बघा. पायाखाली पाण्याची वाटी ठेवायची हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाय खचला की वाटी कलते, पाणी एका बाजूने सांडतं, दुसरी कड कोरडी पडते. मुंग्यांना तेवढं पुरतं. मग मला मेसेज येतो, "वाटी ठेवली तरी मुंग्या चढल्या, वसाहत पळाली." अहो, वाटी सरळ होती का? आधी फरशी, फरशीवर वाटी, वाटीत पाय. हा क्रम आहे. आणि गवताची एक काडी जरी पेटीला टेकली, तरी मुंग्यांना पूल मिळाला. कोकणात ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, तर वरच्या फांदीवरून उतरतात, तिथे फांदी छाटा.

वाटीवरून आठवलं. पाणी आठवड्यातून एकदा ओतून नवं भरा, त्यात डासांच्या अळ्या होतात. काळं ऑइल भरण्याचा सल्ला फार फिरतोय. कृपा करून नको. माश्या त्यात पडून मरतात, आणि पावसात वाटी भरून वाहिली की ते ऑइल तुमच्याच मातीत जातं. महाबळेश्वरसारख्या, वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात वाटीवर भरवसा नको. पायाच्या वरच्या अंगाला पत्र्याची उलटी टोपी बसवा, तिच्या आतल्या बाजूला ग्रीस. टोपीमुळे ते धुऊन जात नाही.

तिसरी बाजू माश्यांची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. माशी पोळं ओळंब्यात बांधते. पेटी डावी-उजवीकडे कलली, की आतली पोळ्याची चौकट तिरकी होते, पण पोळं मात्र सरळ खाली येतं. मेणपत्रा, म्हणजे पोळ्याला पाया म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पातळ पत्रा, अर्धवट लावला असेल तर पोळं चौकटीबाहेर जाऊन शेजारच्या चौकटीला चिकटतं. मग तपासणीला चौकट उचलली की पोळं फाटतं, पिलं चिरडतात. म्हणून पाणसळ लावा, आडवी. डावं-उजवं एकदम समपातळीत. पुढे, दाराच्या बाजूला, बोटभर उतार मुद्दाम ठेवा, म्हणजे आत गेलेलं पावसाचं पाणी बाहेर येईल.

चार पेट्यांचा लांब स्टँड करू का? मेलिफेराला चालेल. सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, नको. आमच्या जावळीकडे बहुतेकांकडे सातेरीच, आणि तिला हादरे सोसत नाहीत. एक पेटी उघडली की त्याच स्टँडवरच्या बाकीच्या तिन्ही हादरतात. सातेरी वैतागली की पेटी सोडून जाते. एका पेटीला एक स्टँड, खर्च थोडा वाढला तरी चालेल. काही जण म्हणतात, ताई उगाच खर्चात पाडतात. वसाहत गेल्यावर नवी मिळवायला काय पडतं ते त्यांनी सांगावं.

आणि हे सगळं पेटीत माश्या यायच्या आधी करा. नंतर पेटी पाच-दहा फूट सरकवली, तर बाहेर गेलेल्या कामकरी माश्या जुन्या जागीच परत येऊन घिरट्या घालतात. रिकाम्या स्टँडवर सिमेंटची ५० किलोची गोणी ठेवा, पायांभोवती चार बादल्या पाणी ओता, रात्रभर राहू द्या. सकाळी पाणसळ लावून बघा. बुडबुडा मधे असेल तरच पेटी आणा.

यापुढे कॉमेंटमध्ये फोटो टाकताना पेटीचा नको, पायांचा टाका. खाली वाकून, माती दिसेल असा. एकेक बघून मी उत्तर देते.