आजीचं म्हणजे कशाचं?

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत मुलांना घरातली एखादी औषधी वस्तू आणायला सांगितलं होतं. कुणी हळकुंड आणलं, कुणी ओवा. एकाने कुंडीतल्या तुळशीची पानं वहीत घालून आणली. नऊ वर्षांच्या एका मुलीने काचेची बरणी आणली. आत तपकिरी पूड होती. बाईंनी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "आजीचं औषध." "कशाचं?" "आजीचं." बाईंनी पुन्हा विचारल्यावर तिला वाटलं, आपलं मराठीच चुकतंय. मग ती म्हणाली, "कशाचं ते आईलाही माहीत नाही. पोट दुखलं की देते."

रोजच्या आरोग्याला आयुर्वेदाचा आधार, हा आजचा विषय महिन्यापूर्वीच ठरला होता. विषय तोच आहे. पण ती बरणी ओलांडून पुढे जाता येत नाही.

कारण त्या आजींना पुडीत काय आहे ते नक्की ठाऊक होतं. किती द्यायचं आणि कधी थांबायचं, तेही. बाळगुटीच घ्या. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. नुसत्या नावांनी इथे कित्येकांच्या नाकात तो वास आला असेल. हे सगळं मोजलं जायचं वेढ्यांनी, म्हणजे सहाणेवर उगाळण्याच्या फेऱ्यांनी. वेखंडाचा एखादाच वेढा, खारकेचे मात्र चार-पाच. पोटात मुरडा असेल तर मुरुडशेंग, शी घट्ट असेल तर हिरडा थोडा जास्त. बाळ दीड महिन्याचं आहे की सहा महिन्यांचं, त्याप्रमाणे वेढे बदलायचे. एका वेढ्यात सहाणेवर जो पुसट ठसा उतरतो, त्याचं वजन बोटाला कळतही नाही. सगळं कसब त्या ठशात होतं.

आज गुटीची तयार पूड मिळते आणि तिची एक चिमूट म्हणजे कित्येक वेढे एकदम. वेखंडाच्या आपल्याकडच्या जातीत बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगात ते दिल्यावर उंदरांना गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी केली. जायफळ जास्त झालं की बाळ शांत झोपलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते गुंगीत असतं. उगाळलेल्या मुळ्या ओल्याच डब्यात ठेवल्या तर त्यांना बुरशी धरते, आणि दुसऱ्या दिवशी ती बुरशीही उगाळली जाते. मध तर एक वर्षाच्या आत बोटभरही चाटवायचा नाही. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आधी शी अडते, मग रडणं क्षीण होतं, बाळ मान टाकतं. पहिले सहा महिने आईचं दूध पुरेसं आहे. माझं मत स्पष्ट आहे: गुटी देऊ नये. ती सहाण जपून ठेवा, चंदन उगाळायला वापरा.

मोठ्यांसाठी मात्र स्वयंपाकघरात खूप काही आहे, आणि ते नीट केलं तर त्याचा खरा उपयोग होतो. काढ्याचं बघा. सर्दीच्या दिवसांत आपल्याकडे आलं, तुळस, गवती चहा, मिरी, दालचिनी असं सगळं एकदम पातेल्यात पडतं आणि वीस मिनिटं खळखळ उकळतं. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढा, फांट आणि हिम या तीन वेगळ्या कृती आहेत. मुळं, साली, लाकूड यांचा काढा: एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. नाजूक, सुगंधी वस्तूंचा फांट, म्हणजे वरून गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. धणे, वाळा यांसारख्या थंड गुणाच्या वस्तूंचा हिम, म्हणजे सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवायचं. पानांतली सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात. घरभर वास सुटला की आपण खूश होतो, पण तेवढा गुण कपातून गेलेला असतो.

घरगुती प्रमाण असं धरा. दोघांसाठी तीन कप पाणी. त्यात इंचभर ठेचलेलं आलं, चार मिरी, दालचिनीचा अर्धा इंच तुकडा आणि ज्येष्ठमधाची बोटाच्या पेराएवढी काडी. झाकण न ठेवता मंद आचेवर दोन कप होईपर्यंत आटवा. गॅस बंद करा. मग तुळशीची आठ-दहा पानं आणि गवती चहाच्या तीन पाती कापून टाका, आता झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांनी गाळा. मध घालायचा तर कोमट झाल्यावर. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, आणि तेही चार-पाच दिवस. कोविडच्या वर्षी दिवसाला चार-चार कप काढा पिऊन घसा आणि पोट दोन्ही जळवून घेतलेले लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

यातल्या दोन वस्तूंकडे जरा लक्ष द्या. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ज्यांना दाबाचा त्रास आहे किंवा लघवीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ती काडी वगळावी. दालचिनीचं असं आहे की इथल्या दुकानात बहुतेक वेळा मिळते ती कॅसिया: जाड सालीची, कडक, एकच वळसा असलेली. तिच्यात कुमारिन बरंच असतं, ते यकृताला सोसत नाही. खरी दालचिनी, कोकणात किंवा श्रीलंकेत होते ती, कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरता येणारी. साखर उतरावी म्हणून रोज चमचाभर दालचिनी खाणाऱ्यांनी आपली काडी एकदा निरखून पाहावी.

सितोपलादी चूर्ण तर प्रत्येक बॅगेतून येतं. त्याचं प्रमाण पाठ करण्यासारखं सुंदर आहे: खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक वस्तू आधीच्या निम्मी. बेरीज ३१, त्यात साखर १६. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, आणि नावातच ते सांगितलंय, सितोपला म्हणजे खडीसाखर. वर ते मधात कालवायचं. मधुमेह असलेल्या आजोबांना "साधं खोकल्याचं चूर्ण" म्हणून दिवसातून तीनदा देताना हे नाव कुणी वाचलेलं नसतं.

नाव वाचायचं राहतं, तिथेच मोठी चूक होते. पित्त झालं की आपल्या घरांत सूतशेखर निघतो. सूत म्हणजे पारा. त्या गोळीत शुद्ध केलेला पारा, गंधक आणि वत्सनाभ हे विषारी मूळही असतं. वैद्याने नाडी पाहून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची ती गोळी, आणि आपण ती पुदिन्याच्या गोळीसारखी चघळतो. योगराज गुग्गुळात मुख्यतः वनस्पती असतात. त्यामागे 'महा' लागला की शिसं, कथील, रससिंदूर अशी धातूंची यादी सुरू होते. नावात रस, भस्म, सिंदूर, पर्पटी दिसलं की ते रसौषध, म्हणजे पारा किंवा धातू वापरून केलेलं औषध, समजावं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या भारतीय दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. घरात कुणी अशी औषधं महिनोन् महिने घेत असेल, तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. चाचणी साधी आहे. मुलांची आणि गरोदर बाईची तर नक्कीच.

अभ्यंगाबद्दल थोडंच सांगते, कारण परवा पहाटे सगळेच करणार आहात. आशियाई दुकानातलं तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचं असतं, ते स्वयंपाकाचं. अंगाला कच्च्या तिळाचं घ्या. माणशी दोन-तीन मोठे चमचे पुरतात. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. हीटरने कोरड्या पडलेल्या कातडीला हे हिवाळाभर आठवड्यातून दोनदा केलंत तर फरक दिसेल. अजीर्ण झालं असेल, छातीत कफ भरला असेल तर अभ्यंग करू नये, असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनीच सांगितलंय. टबात पाय घसरतो, म्हणून तळवे आधी पुसा. तेलकट टॉवेल ड्रायरमध्ये टाकू नका. धुऊनही तेल उरतं आणि उष्णतेने पेट घेऊ शकतं. उटण्यात बावची असेल तर अंग नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका, तिच्यातल्या सोरालेनमुळे कातडी भाजल्यासारखी लाल होते.

आणि जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. नळाचं पाणी थेट नाकात कधीही नाही. २०११ मध्ये लुइझियानात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरलेल्या दोघांचा नाकावाटे मेंदूत गेलेल्या अमीबामुळे मृत्यू झाला. पाणी एक मिनिट खळखळून उकळा, कोमट करा, किंवा डिस्टिल्ड आणा. एका कपाला अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी बिनआयोडीनचं मीठ. मीठ कमी पडलं की नाक चरचरतं, आणि लोक नेतीलाच दोष देऊन सोडतात.

आता पुन्हा त्या मुलीकडे, म्हणजे कुठे न लिहिलेल्या औषधाकडे येते. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. त्या संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपण अजून अभिमानाने ही हकिगत सांगतो. पण जिंकलो कशावर? संस्कृत, उर्दू, हिंदीतल्या जुन्या लिखाणावर आणि छापलेल्या शोधनिबंधावर. "आमची आजी लावायची" एवढ्यावर ते पेटंट हललं नसतं.

आणि आपण घरात काय लिहून ठेवलंय? डॉक्टर विचारतात, कोणती औषधं घेता? आपण सांगतो, काही नाही. रात्री त्रिफळा असतो, सकाळी अश्वगंधा, सांध्यांसाठी हळदीची कॅप्सूल. मंडळी, हे बरोबर नाही. अश्वगंधा थायरॉइडच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करते; डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. भाजीतली हळद अन्न आहे, पण मिरीच्या सत्वासह कॅप्सूलमध्ये कोंबलेली हळद औषध आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळीबरोबर ती रक्तस्राव वाढवू शकते, यकृतालाही इजा करू शकते. ऑपरेशन ठरलं की दोन आठवडे आधी असं सगळं डॉक्टरांना सांगून बंद करायचं असतं. आपण लाजून लपवतो आणि मग तेच डॉक्टर आयुर्वेदाला नावं ठेवतात म्हणून रागावतो.

म्हणून आज घरी गेल्यावर डबे काढा. प्रत्येकावर पट्टी लावा: वस्तूचं नाव, मूळ की साल की पान, कुठून आणि कधी आणलं, किती द्यायचं. पूड वर्षापेक्षा जुनी असेल, वास गेला असेल तर टाकून द्या. ज्यांची आई, सासूबाई, आत्या तिकडे भारतात आहेत, त्यांनी या आठवड्यात फोन करा. "अंदाजाने घालते" म्हणाल्या तर त्यांची चिमूट वजनकाट्यावर ठेवायला सांगा. त्यांचा चमचा कोणता, लोणच्याचा की चहाचा, तेही विचारा. पोट दुखतं म्हणजे कुठे दुखलं की देता आणि कुठे दुखलं की देत नाही, हे तर आधी विचारा.

त्या मुलीच्या आईला फोन करायला आता कुणी नाही. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. तिने ती बरणी आज इथे आणली आहे, चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. पूड आता कुणाला देत नाहीत. ज्यांचं नाक तयार आहे त्यांनी वास घेऊन बघा, चव मात्र घेऊ नका. ओवा आहे. सुंठ आहे. हिंग असावा. आणखी एक कडसर, मातकट वास आहे, तो शाळेत कुणालाच ओळखता आला नाही.

मुलीने बरणीवर पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्या अक्षरात ओवा, सुंठ, हिंग एकाखाली एक लिहिलंय. हिंगापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि त्याखालची ओळ तिने रिकामी ठेवली आहे.