फोडी तेवढ्याच, मग उत्तर का बदललं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपुरात सध्या मृग बहाराची संत्री आली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते. परवा माझी चार वर्षांची नात ताटलीत फोडी मांडत बसली होती. सहा तिच्या, सहा माझ्या, समोरासमोर दोन रांगा. ''सारख्या आहेत का गं?'' ''हो.'' मग मी माझ्या फोडी दूर दूर सरकवल्या आणि पुन्हा विचारलं, ''आता?'' जरा थांबून ती म्हणाली, ''आजी, तुझ्या जास्त.''

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना असेच प्रश्न विचारले होते. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते, हे साधारण सहा-सात वर्षांच्या आधी मुलांना उमगत नाही, असं त्याचं मत होतं. पुढे १९७०च्या दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी त्यात एवढासाच बदल केला. रांग मोठ्या माणसाने सरकवायची नाही, एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन विस्कटायची. एवढ्यानेच बरोबर उत्तर देणारी मुलं कितीतरी वाढली!

त्यावरही वाद झाले. अस्वलाच्या गडबडीत मुलांचं रांगेकडे लक्षच राहिलं नसेल, असं काहींचं म्हणणं. मला मात्र डोनाल्डसनबाईंचं पटतं. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मूल फोडींसोबत आपल्यालाही वाचत असतं. आजीने उगाच का सरकवल्या? पुन्हा का विचारते? म्हणजे उत्तर बदलायला हवं.

अभ्यासाला बसवताना आठवून बघा. मुलाने बरोबर उत्तर लिहिलेलं असतं. आपण सहज म्हणतो, ''नक्की? नीट बघ.'' लगेच खोडरबर बाहेर येतं. त्याला गणित येत नव्हतं असं नाही हो. त्याने आपल्या आवाजावरून तर्क केला, आणि तो तर्क अगदी रास्त होता. आईबाबांनो, उत्तर बरोबर असतानाही कधी कधी विचारा, ''तुला कसं कळलं?'' चुकल्यावरच विचारलं, तर त्या प्रश्नाचा अर्थही मूल पटकन ओळखतं.

काल पुन्हा रांगा मांडल्या. या वेळी तिच्या दीड वर्षांच्या भावाने ताटलीत हात घातला आणि फोडी इकडेतिकडे पसरल्या. मी विचारलं, ''आता गं?''

''तेवढ्याच आहेत ना आजी,'' ती फोडी गोळा करत म्हणाली. ''त्याने एकपण खाल्ली नाही.''